सांगलीहून मुल्कीला सर्फिंगला जाताना: महिना, तिथी आणि पाण्याची ओढ

आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे, हे सांगलीत शाळकरी पोरगंसुद्धा सांगतं. ४० फूट झालं की इशारा, ४५ झालं की धोका. २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी आम्ही घराच्या जिन्याच्या पायऱ्यांवर मोजलंय. त्यामुळे पाणी आपल्याला कळतं, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. मी सरकारी घाटावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले. पुढे कृष्णा ओलांडून सांगलवाडीला जायचे आणि दम खाऊन परत यायचे. आणि तरीही मुल्कीच्या समुद्रात, पहिल्याच दिवशी, माझा जीव जाता जाता राहिला.

त्यानंतर मी तिथं सहा वेळा जाऊन आले, वेगवेगळ्या ऋतूंत. भाच्याला नेलं, ऑफिसातल्या दोघी-तिघींना नेलं. आता ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं, "आम्हालाही जायचंय, कधी जाऊ, काय काय लागतं?" प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

मुल्की म्हणजे मंगळूर आणि उडुपी यांच्या मधलं गाव. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या तिथं ससिहित्लूजवळ एकत्र येऊन समुद्राला मिळतात. २००४ च्या सुमारास तिथं एका आश्रमातल्या परदेशी साधकांनी सर्फिंग, म्हणजे फळीवर (बोर्डवर) उभं राहून लाटेवर स्वार होणं, सुरू केलं आणि देशातला पहिला सर्फ क्लब तिथं उभा राहिला. ससिहित्लूच्या किनाऱ्यावर आता राष्ट्रीय स्पर्धा होतात. आपल्याकडून गणपतीपुळे, तारकर्ली जवळ आहे हे खरं, पण शिकवणारी जुनी, मुरलेली माणसं मला मुल्कीला भेटली. बाकी खाली लिहिलेलं पाण्याचं बहुतेक सगळं तुम्ही पुळ्याला गेलात तरी तितकंच लागू आहे.

१. आधी महिना ठरवा, सुट्टी नंतर

आपली गाडी इथंच चुकते. आपण सुट्टी बघतो आणि त्या सुट्टीत समुद्र बसवतो. मे महिन्याची सुट्टी, पंधरा ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवार, दिवाळी. यातली एकही वेळ नवख्यासाठी चांगली नाही. समुद्राचं वर्ष असं चालतं:

डिसेंबर ते फेब्रुवारी. नवख्यांनी डोळे झाकून हेच महिने धरावेत. लाटा गुडघा-कमरेएवढ्या, पाणी स्वच्छ, वारा शांत. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना, त्याचा अर्थ मला तिथं पहाटे सहा वाजता कळला. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. हा वारा येणाऱ्या लाटेच्या तोंडावर हलकेच दाबतो, लाट उभी राहते आणि सावकाश, एका बाजूनं उलगडत फुटते. दहा-अकराच्या पुढे जमीन तापली की वारा उलटतो, खारा वारा सुरू होतो आणि तेच पाणी विस्कटून जातं. म्हणून शिकायचं ते सकाळी साडेसहा ते नऊ. नाताळच्या आठवड्यात मात्र गर्दी फार असते. जमलं तर संक्रांत झाल्यावर जा. माझा सगळ्यात आवडता काळ जानेवारीचा शेवटचा पंधरवडा. पाणी तेव्हाही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, कुडकुडायला होत नाही.

मार्च ते मेचा मध्य. लाटा हळूहळू वाढत जातात. ज्यांची एखादी खेप झाली आहे त्यांना मार्च-एप्रिल मजेचा. पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. या दिवसांत आपल्याकडे आभाळ कोरडं असतं, वाऱ्याची झुळूक नसते, आणि तरी एखाद्या दिवशी मोठ्या लाटा येतात. या लाटा हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या पार खालच्या टोकाला झालेल्या वादळांतून निघालेल्या असतात. केरळात या प्रकाराला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आपल्याकडे कोयनेच्या पाणलोटात पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगलीत पाणी चढतं, इथं पाऊस नसला तरी. तसंच हे समजा. आभाळ बघून समुद्राचा अंदाज बांधू नका. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग येतात. पहिला गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाय नाही.

मेचा शेवट ते ऑगस्ट. नवख्यांनी पाण्यात उतरायचंच नाही. थोडंसं, घोट्यापर्यंत, फोटोपुरतंसुद्धा नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं बोटी ओढून वर ठेवतात, यातच सगळं आलं. या काळात मुल्कीत तुम्हाला लाटेवर माणसं दिसतील, स्पर्धाही मेअखेरीला होतात. ती माणसं वर्षानुवर्षं त्याच पाण्यात वाढलेली आहेत. त्यांना बघायला जरूर जा, उंच जागेवर उभं राहून बघा. मी एका जूनमध्ये फक्त बघायला गेले होते. लाट फुटली की छातीत आवाज घुमायचा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर. हा फसवा काळ, आणि आपली दिवाळी यातच येते. पाऊस ओसरत आलेला असतो, ऊन सुरेख पडतं, पाणी निळं दिसायला लागतं. पण पावसाळ्यानं किनाऱ्याखालची वाळू पार इकडची तिकडे केलेली असते. पाण्याखाली चर पडलेले असतात आणि परत जाणारं पाणी त्या चरांतून जोरात समुद्राकडे धावतं. नद्यांमधून ओंडके, झावळ्या, जाळ्यांचे तुकडे येत असतात. अरबी समुद्रात वादळं होण्याचे मुख्य काळही दोनच, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. २०२१ च्या मेमधलं तौक्ते आणि २०१९ च्या ऑक्टोबरमधलं क्यार आठवून बघा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे, शिकवणाऱ्यांशी बोलून, जायला हरकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिली खेप नको.

२. कालनिर्णय काढा आणि तिथी बघा

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास चढ-उतार सगळ्यात कमी, त्याला कोकणात भांग म्हणतात. आता आपले सण आठवा. लक्ष्मीपूजन अमावस्येला. कोजागिरी, दत्तजयंती, होळी, नारळी पौर्णिमा, सगळ्या पौर्णिमा. म्हणजे आपण सणाला जोडून रजा काढली की हमखास उधाणात जाऊन पोचतो.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा वाजता. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. हा अंदाज झाला. नक्की वेळ इन्कॉइस या हैदराबादच्या सरकारी संस्थेच्या तक्त्यात बघायची, तिथं किनाऱ्यावरच्या बंदरांप्रमाणे वेळा मिळतात.

मुंबईला उधाणात साडेचार मीटरच्या वर भरती जाते, मुल्कीच्या बाजूला फरक त्या मानानं फारच थोडा. मग तिथं तिथी कशाला बघायची? नदीच्या मुखामुळे. ओहोटी लागली की खाडीत चढलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडायला धावतं. नदीचं स्वतःचं पाणी आणि भरतीचं परतणारं पाणी एकाच दिशेला, समुद्रात. मुखाजवळ ओहोटीच्या वेळी उतरायचं नाही, कुठल्याही महिन्यात. सर्फिंगची जागा मुखापासून लांब असते आणि ती शिकवणारा दाखवेल तीच.

३. शिकवणारा निवडताना हे विचारा

स्वस्तात कोण शिकवतं ते सगळ्यात शेवटी बघा. फोन केल्यावर मी पुढचे प्रश्न विचारते, आणि ज्यांना ते विचारलेले आवडत नाहीत तिथं जात नाही:

शिकवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं किंवा सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र आहे का? पाण्यातून माणूस बाहेर काढायचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का, आणि कधी? एका शिकवणाऱ्यामागे पाण्यात किती जण? चारांपेक्षा जास्त म्हणाले तर मी नको म्हणते. मऊ, फोमचा बोर्ड देता का? समुद्र खराब असेल तर दिवस बदलून देता की पैसे बुडतात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एका ठिकाणी मला सांगितलं होतं, "पैसे भरलेत ना, मग उतरा, काही होत नाही." मी पैसे सोडून परत आले. याउलट पुढे ज्या मुलाकडे मी शिकले, त्यानं भरउन्हाच्या, छान दिसणाऱ्या एका सकाळी पाण्याकडे दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "आज नाही अक्का." अक्का म्हणजे थोरली बहीण. तुळू बोलणारा मुलगा, वय चोविशीचं असेल, बाप मासेमारीला जायचा. त्याच्या त्या 'नाही'वर माझा जितका विश्वास बसला तितका कुठल्याच प्रमाणपत्रावर बसला नसता.

तुम्ही त्यांना विचारता तसं त्यांनाही खरं सांगा. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया, खांदा निखळण्याची सवय, गरोदरपण. लपवू नका. पोहता येत नसेल तर तेही. कमरेएवढ्या पाण्यात पोहता न येणाऱ्यालाही शिकवतात, पण माझं मत विचाराल तर आधी इथंच तलावात दोन महिने घालवा, तोंड पाण्यात घालून शांतपणे श्वास सोडता येऊ दे, मग जा.

४. सांगलीहून जायचं कसं

रेल्वे सगळ्यात बरी. सांगली-मिरजेवरून गोवा एक्सप्रेसनं लोंढ्यावरून मडगाव, तिथं गाडी बदलून कोकण रेल्वेनं मुल्की. मुल्कीला स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. सुरतकल किंवा उडुपीला उतरून बसनं यायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यामुळे जोडगाडी चुकते. बदलीमध्ये तीन तास तरी हातात ठेवा.

गाडीनं गेलात तर बेळगाव, हुबळी, मग यल्लापूरवरून अंकोला आणि तिथून किनाऱ्यानं खाली. पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एका दमात जाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यात उतरू नका, मधे एक रात्र नीट झोप हवी. पावसाळ्यात बघायला जाणार असाल तर हा रस्ता दरडींचा आहे. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर महामार्गावर आला आणि चहाच्या टपरीवर थांबलेली माणसंसुद्धा त्यात गेली. लाल किंवा नारिंगी इशारा असताना घाट उतरायचा नाही, आणि कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी करायची नाही.

५. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं फार नाहीत:
- आधार कार्ड, मूळ आणि एक झेरॉक्स. खोली घेताना लागतं.
- आरोग्य विम्याचं कार्ड, रक्तगट आणि घरच्या एकाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. फोन लॉक असतो, चिठ्ठी नसते.
- सोबतचं मूल तुमचं स्वतःचं नसेल तर आई-वडिलांची सही केलेली संमती. भाच्याच्या वेळी मला बहिणीकडून ती व्हॉट्सॲपवर मागवावी लागली आणि सकाळ त्यातच गेली.
- नेहमीची औषधं. दम्याचा पंप असेल तर किनाऱ्यावर जाणाऱ्या पिशवीत, खोलीवरच्या बॅगेत नाही.

सामान:
- पूर्ण बाह्यांचा, अंगासरशी बसणारा पोहायचा टीशर्ट. त्याला रॅशगार्ड म्हणतात. बोर्डवर पोट घासून सालटं निघतात, ती यानं वाचतात. साधा सुती टीशर्ट पाणी पिऊन जड होतो, तो नको.
- गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी किंवा लेगिंग. साडी, ओढणी, सलवार घालून पाण्यात जाऊ नका. लाट त्यात अडकते आणि पाय बांधल्यासारखे होतात.
- पाण्यात न उतरणारं सनस्क्रीन, नाकाला आणि कानाच्या पाळीला विसरू नका.
- दोन लिटर पाणी माणशी, केळी, शेंगदाण्याची चिक्की.
- चिमटा, जंतुनाशक, पट्ट्या, थर्मासमध्ये गरम पाणी. गरम पाणी कशाला ते पुढे सांगते.

बोर्ड विकत घेऊन जाऊ नका, तिथं मिळतो. आठ-नऊ फुटी, मऊ पाठीचा. मोठा बोर्ड नवख्याला तोलायला सोपा आणि डोक्यात बसला तरी फुटत नाही. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र खोलीवर ठेवा. बोर्डच्या दोरीत अडकून बोटाची चामडी सोलली गेलेली मी पाहिलीय.

६. आदल्या रात्री आणि पहाटे

आदल्या रात्री दोन गोष्टी बघा: हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आणि इन्कॉइसचा लाटांचा अंदाज. त्यात लाटेची उंची मीटरमध्ये असते आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत. आपण फक्त उंची बघतो, तिथं फसतो. पाच-सात सेकंदांची लाट म्हणजे जवळच्या वाऱ्यानं उठलेली खळबळ. बारा-पंधरा सेकंदांची म्हणजे लांबून आलेली, खोलवर पाणी घेऊन येणारी. तीच उंची असली तरी ती तुम्हाला जास्त जोरात फेकते. उंची दुप्पट झाली तर ताकद चौपट होते. आणि अंदाजातला आकडा हा मोठ्या लाटांच्या सरासरीचा असतो, अधूनमधून एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. पहिल्या खेपेला एक मीटरच्या वर आकडा असेल तर मी कुणाला उतरू देत नाही.

मग पहाटे किनाऱ्यावर गेलात की वीस मिनिटं नुसतं बसा. माझ्या शिकवणाऱ्यानं आम्हाला वाळूत बसवून लाटा मोजायला लावल्या होत्या. भाचा कंटाळला. "मावशी, आपण काय लाटा मोजायला आलोय का?" मी म्हटलं, मोज. सात-आठ लहान लाटा आल्या, त्याला वाटलं समुद्र एवढाच आहे, आणि मग एकामागून एक चार मोठ्या आल्या, आधीच्यांपेक्षा दीडपट. मग पुन्हा शांत. लाटा अशा घोळक्यानं येतात. दोन मिनिटं बघून उतरणाऱ्याला घोळका दिसतच नाही, तो पाण्यात गेल्यावर भेटतो.

त्याच वीस मिनिटांत ओढ, म्हणजे किनाऱ्यापासून आत समुद्राकडे धावणारा पाण्याचा पट्टा, शोधायची. लाटा फुटून पांढरा फेस होतो, त्या फेसाच्या पट्ट्यात कुठं खिंड दिसते का बघा: तिथं लाट फुटत नाही, पाणी गडद, गुळगुळीत, आणि फेसाचे पुंजके किनाऱ्याकडे यायचे सोडून आत चाललेत. हीच ती जागा. नवख्याला नेमकी तीच सगळ्यात शांत वाटते. आई-बाबा लहान पोरांना घेऊन तिथंच उतरतात, कारण तिथं लाट नाही. किनाऱ्यावर काठी रोवून ती जागा खुणावून ठेवा.

७. पाण्यात उतरल्यावर

पहिले दोन दिवस कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवरच शिकायचं. बोर्डवर पालथं झोपणं, हातांनी पाणी मारणं, छाती उचलून एका झटक्यात उभं राहणं, हे सगळं ते आधी वाळूत करून घेतात. ते मी इथं लिहून तुम्हाला येणार नाही. पण हे पाळा:

बोर्डची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला, पट्टी घट्ट चिकटवून, गाठ बाहेरच्या बाजूला. दोरी हाताला गुंडाळू नका.

बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे आडवा धरू नका. लाट तो तुमच्या तोंडावर आणते. नेहमी बाजूला, टोक लाटेकडे.

पडायचं ते सपाट, पाठीवर किंवा कुशीवर. सूर मारायचा नाही. घाटावरून सूर मारायची आपल्याला सवय असते, इथं मात्र खाली हातभरावर वाळू असते आणि मान मोडते. पडल्यावर दोन्ही हातांनी डोकं झाका, वर येताना एक हात आधी वर काढा, बोर्ड डोक्यावर असू शकतो.

लाटेवर आधीच कुणी असेल तर ती लाट त्याची. मधे घुसायचं नाही.

तासाभरात थकवा येतो. "अजून एक लाट" ही शेवटची लाट घेताना माणसं जखमी होतात. हात जड झाले की बाहेर या.

८. ओढ लागली तर

आता माझं सांगते. पहिल्यांदा मी दिवाळीत गेले होते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, साडेतीनच्या सुमाराला. शिकवणी दुसऱ्या दिवसापासून होती, म्हणून एकटीच फिरत नदीच्या मुखाकडे गेले. पाणी शांत होतं. छातीपर्यंत उतरले. अमावस्येची भरती दुपारी उतरायला लागलेली, म्हणजे ओहोटी भर जोरात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पायाखालची वाळू आधी भुसभुशीत झाली, मग सरकली, आणि मग नव्हतीच. किनारा समोर दिसत होता, फार तर तीस मीटर. मी पूर्ण ताकदीनं त्याच्याकडे हात मारायला लागले. दहा-बारा हात मारून वर बघितलं तर किनारा अजून लांब.

जोराची ओढ सेकंदाला दोन मीटरच्या पुढेही जाते. १०० मीटर पोहण्याचा जागतिक विक्रम ४६ सेकंदांच्या घरात आहे, म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान माणूसही तिच्याशी जेमतेम बरोबरी करेल. तुम्ही-आम्ही दमतो, आणि दमून बुडतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. हे वाक्य पोरांकडून पाठ करून घ्या.

किनाऱ्यावर जाळं झटकत एक म्हातारे गृहस्थ होते. ते ओरडत होते ते मला कळत नव्हतं, पण हात सारखे आडवे करत होते, उत्तरेकडे. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. कृष्णा ओलांडताना आपण कधी समोरच्या घाटाकडे सरळ पोहतो का? धारेला तिरकं घेतो, ती नेईल तिथं खाली जाऊन लागतो. समुद्रात किनारा समोर दिसला आणि मी तेवढंच विसरले होते. मी हात मारायचे थांबवले, पाठीवर पडले, श्वास घेतला आणि किनाऱ्याला समांतर, आडवी पोहत गेले. थोड्या वेळात ओढ सुटली, लाटा मागून ढकलायला लागल्या आणि मी सव्वादोनशे-अडीचशे मीटर पलीकडे वाळूला लागले. त्या बाबांनी काही न बोलता स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

तर क्रम असा: घाबरून हात मारू नका. पाठीवर तरंगा, खाऱ्या पाण्यात नदीपेक्षा सहज तरंगता येतं. एक हात वर करून हलवा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की तिरकं किनाऱ्याकडे. बोर्ड असेल तर तो कधीही सोडू नका, त्याच्यावर पालथे पडून राहा.

दुसरं कुणी अडकलेलं दिसलं तर लगेच मागे उडी टाकू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी घरंच्या घरं गेली आहेत. तरंगेल असं काहीही फेका: बोर्ड, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ लावा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, आधीच फोनमध्ये भरून ठेवा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोटावर दाबून पाणी काढणं, यातलं काही करायचं नाही. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध दाब द्यायचा, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही. जायच्या आधी एकदा कुणा जाणत्याकडून बाहुलीवर करून शिका. आणि माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

९. डंख

पावसाळ्यात आणि त्यानंतर किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव येतात. मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डसतात. डंख झाला तर धागे चिमट्यानं काढा, समुद्राच्याच पाण्यानं धुवा. वाळू चोळू नका, गोडं पाणी, लिंबू, दारू ओतू नका. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं तरी बुडवून ठेवा. थर्मास यासाठी. पाखट माशाचा काटा लागला तरी गरम पाणीच, पण तिथं काटा आत राहिलेला असू शकतो, म्हणून डॉक्टर. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता वाळूवर घासत चालायचं, पाखट हालचालीनं दूर पळतो. श्वास लागला, अंग सुजलं, तर गरम पाण्यात वेळ न घालवता गाठा दवाखाना.

१०. परतल्यावर

अंग आणि रॅशगार्ड गोड्या पाण्यानं धुवा, कान एका बाजूला झुकवून कोरडे करा, त्यात काडी घालू नका. दोन दिवस खांदे उचलवत नाहीत, ते आपोआप जातं. जखम असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत पुन्हा समुद्र नको, आणि नदीही नको.

जानेवारीत जायचं ठरत असेल तर रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबरच्या मध्याला कालनिर्णय घेऊन बसा, पुढच्या वर्षाचा नवा. पौष किंवा माघातली अष्टमी शोधा, तिच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढा, आणि परतीचं चार दिवसांनी. मधला एक दिवस मोकळा राहू द्या, म्हणजे शिकवणाऱ्यानं "आज नाही" म्हटलं तर तुम्हाला ऐकता येईल.